डाव्या खांद्यावरचं बटण

चौदा मीटर खोल पाण्यात मास्तरिणीचा नवरा तिच्या डोळ्यांदेखत वर गेला. ‘वर गेला’ म्हटलं की ऐकणारी माणसं दचकतात, म्हणून तो स्वतः हा प्रसंग सांगताना ‘पृष्ठभागावर आलो’ असं पुस्तकी बोलायचा. पण तिच्यापुरतं म्हणाल, तर पुढची पाच मिनिटं तो वर गेलेलाच होता.

क्षणभरापूर्वी तो तिच्यापासून हातभर अंतरावर होता. खडकाच्या फटीतल्या खेकड्याचा फोटो काढत होता. तिने अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘छान’ असा नसतो, ‘चला वर’ असा असतो. त्याने मान डोलावली आणि दोघं निघाले. पहिले दोन मीटर नेहमीसारखे गेले. मग त्याचा वेग वाढला. वर जाताना अंगातल्या जाकिटातली हवा फुगत जाते, ती थोडी थोडी सोडत जायचं असतं. त्याची सुटत नव्हती. त्याचे पाय तिच्या डोक्याच्या वर गेले, मग पायातले काळे पंखे लहान लहान होत उजेडात दिसेनासे झाले.

त्याच्यामागे धावणं शक्यच नव्हतं असं नाही. पण ते करायचं नसतं. जोडीदार सुटला म्हणून आपणही सुटलो तर एकाच्या जागी दोघं जातात, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. ती शिकवल्याप्रमाणे सावकाश वर आली, पाच मीटरवर नियमाप्रमाणे तीन मिनिटं थांबली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिली. त्या तीन मिनिटांत लेकीला फोनवर काय सांगायचं याची वाक्यंसुद्धा तिने जुळवून ठेवली.

ती बोटीवर चढली तेव्हा तो टॉवेल गुंडाळून, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून बसला होता. नाकाखाली रक्त सुकलेलं होतं.

“बटण अडकलं,” मास्क बाजूला करून तो म्हणाला. “हवा सुटेचना. जाकीट गेलं कामातून.”

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला तो बोटवाल्याने तिलाही टॉवेल आणून दिला तरी काढला नाही.

तो कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे आणि त्याच्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेतून दात तयार होऊन जायचे. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले असत. ओळखीपाळखीत त्याला सगळे ‘दातकर’ म्हणायचे. खरं आडनाव पोस्टमनखेरीज कुणाला लागत नसे. “दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,” हा त्याचा ठरलेला विनोद, “माझं बत्तीस वर्षं भरतंय.” बत्तीस हा आकडा गेली कित्येक वर्षं बदलला नव्हता, कारण दात बत्तीस असतात.

ती गाडी चालवायला शिकवायची. तिच्या गाडीत तिच्या पायाशीही एक ब्रेक होता. शिकून गेलेली माणसं रस्त्यात भेटली की ‘मास्तरीण’ म्हणून हाक मारत, आणि नवराही खोडी काढायची असली की तेच म्हणे.

डायव्हिंगचं खूळ लेकीने लावलं. नोकरीसाठी घर सोडून जाताना तिने आईबाबांना एका दिवसाच्या शिकवणीचं कूपन दिलं. “तुम्ही दोघं घरात एकमेकांचं डोकं खाणार,” ती म्हणाली होती, “त्यापेक्षा पाण्यात जा. तिथे बोलता येत नाही.” पाच वर्षं झाली त्याला. तो अठ्ठावन्नचा, ती पंचावन्नची, आणि सुट्टी मिळाली की दोघं पाण्यात. बोलता येत नाही हे खरं होतं, पण खाली त्यांचं जितकं जमे तितकं वर जमत नसे.

म्हणून त्या अपघातानंतर तिला वाटलं होतं की आता हे सगळं थांबवावं. पण तो हट्टाला पेटला. “पायातला बूट फाटला म्हणून माणूस चालायचं सोडतं का? नवीन जाकीट घेऊ.” तीन आठवड्यांनी शनिवारी सकाळी, जुनं जाकीट पिशवीत कोंबून, दोघं दुकानात गेले.

दुकान टायरवाल्याच्या आणि लाँड्रीच्या मधे होतं. अरुंद दार, आत लांबच लांब खोली, मागे दुरुस्तीचं टेबल आणि त्याही मागे काचेच्या छपराखाली चार मीटर खोल टाकी. घेणाऱ्याने आधी तिथे उतरून बघावं अशी दुकानाची पद्धत होती. दुकान चालवणाऱ्या बाई साठीच्या, केस बारीक कापलेले. तीस वर्षं त्यांनी लोकांना पाण्याखाली नेलं होतं, आणि त्यात एक कान गमावला होता. त्यामुळे त्या जे बोलायच्या ते सगळ्या दुकानाला ऐकू जायचं.

“जुनं का नको झालं?” बाईंनी विचारलं.

“बटण अडकतं. माझा जीव जाता जाता राहिला.”

“कुठलं बटण? भरायचं की सोडायचं?”

दातकर थोडा थांबला. “सोडायचं.”

“ठेवा टेबलावर. मिस्त्री उघडून बघतील.”

“बघायचंय काय त्यात? भंगारात टाका.”

“असं कसं? तसलीच आणखी चार जाकिटं मी विकलीत. उद्या दुसऱ्याचं अडकलं तर?” बाईंनी पिशवी उचलून मागच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे दिलीसुद्धा.

मग त्या कामाला लागल्या. खांद्याएवढ्या उंचीच्या दांडीवर जाकिटं लटकत होती. पाठीला सिलिंडर अडकवायचा पट्टा, आतल्या थराला हवेची पिशवी, आणि प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावरून खाली लोंबणारी एक जाड नळी. नळीच्या टोकाला दोन बटणं: एक दाबलं की सिलिंडरमधली हवा जाकिटात भरते, दुसरं दाबलं की सुटते. तरंगणं, बुडणं, मधेच स्थिर राहणं, सगळा खेळ त्या दोन बटणांचा.

“हे पोटाभोवती फुगतं,” बाई म्हणाल्या. “पाण्यावर आलात की खुर्चीत बसवल्यासारखं धरतं, पण गच्च भरलं की बरगड्या आवळतं. हे फक्त पाठीला फुगतं. खाली अगदी मोकळं वाटतं, आडवं राहता येतं. पण वर आल्यावर जास्त भरलंत तर तोंडावर पाडतं. पाठ कशी आहे तुमची?”

“पाठीशी ही आहे. म्हणजे ठीकच.”

“रंगाच्या नादी लागू नका आणि खिसे मोजू नका. अंगाला बसलं पाहिजे आणि डोळे मिटून बटणं सापडली पाहिजेत. बाकी सगळी सजावट.”

त्याने पहिलं घातलं आणि काढलं. काखेत टोचतं म्हणाला. दुसरं घातल्यावर आरशात बघून म्हणाला, “ह्यात मी कासव दिसतो.” तिसऱ्याचं बकल कुचकामी आहे, चौथ्याची नळी फार आखूड. एरवी हा माणूस दोन मिनिटांत बूट घेऊन दुकानाबाहेर पडणारा. मास्तरीण बाकावर बसून बघत होती, आणि तिची नजर सवयीने त्याच्या हातांवर गेली. दिवसातले आठ तास ती लोकांचे हातच बघत असे. शिकाऊ माणूस तोंडाने काहीही बोलो, तो घाबरला की स्टिअरिंगवरचा हात आधी सांगतो.

दातकर डाव्या खांद्यावरची नळी उजव्या हाताने धरत होता. छातीवरून हात आडवा नेऊन, वाकडा होऊन, उजव्या अंगठ्याने बटण दाबत होता. डावा हात मांडीशी लागून होता, जणू त्याला या खरेदीत रस नव्हता. पोटावरचं बकल लावायची वेळ आली की तो बाईंशी काहीतरी बोलायला सुरुवात करी, आणि बोलता बोलता बाईच ते लावून टाकत.

“नळी उजव्या बाजूला असलेलं नाही का एखादं?” त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“नाही,” बाई ओरडल्या. म्हणजे बोलल्याच, पण त्यांचं बोलणं तसंच होतं. “सगळ्यांची डावीकडेच. जोडीदाराला अंधारातसुद्धा तुमचं बटण सापडलं पाहिजे ना! तुम्ही डावखुरे आहात का?”

“नाही, आपलं विचारलं.”

मग बाईंनी कोपऱ्यातून एक वेगळं जाकीट काढलं. ह्याला बटणांच्या जागी डाव्या कमरेशी एक दांडी होती. वर ढकलली की हवा भरते, खाली ढकलली की सुटते. दातकरने ते घातलं, डाव्या हाताची मूठ दांडीवर आपटून बघितली. फस्स करून हवा भरली, पुन्हा आपटल्यावर सुटली. त्याचा चेहरा असा उजळला की मास्तरीण बाकावरून उठली.

“हेच,” तो म्हणाला. “बांधा.”

“आधी टाकीत,” बाई म्हणाल्या.

तो कपडे बदलायला गेला तेव्हा मिस्त्रींनी मास्तरिणीला हाताने बोलावलं. टेबलावर जुनं जाकीट हवा सोडून पसरलेलं होतं. शेजारी नळीचं टोक उघडून ठेवलेलं, आतल्या स्प्रिंगा आणि रबरी चकत्या फडक्यावर ओळीने मांडलेल्या.

“ह्यात काही नाही, ताई,” मिस्त्री हळू आवाजात म्हणाले. “मीठ नाही, गंज नाही. बटण लोण्यासारखं चालतंय. मी वीसदा दाबून बघितलं. हे अडकणार नाही.”

“पण ते म्हणतात…”

“म्हणतात खरं. आमच्याकडे बरेच जण म्हणतात. ती म्हण आहे ना, नाचता येईना…” त्यांनी पुढचं गिळलं. “माफ करा. माणूस घाबरला की चुकीचं बटण दाबतो. लाज वाटण्यासारखं काही नाही त्यात. आणि उजव्या खांद्यावर ही दोरी आहे, बघा. ही ओढली तरी हवा सुटते. ती का नाही ओढली त्यांनी?”

“उजव्या हातात कॅमेरा होता,” ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला सगळं कळलं.

गेले कित्येक महिने तो ती दोरीच ओढत होता. तिने पाहिलं होतं. नवीन लकब समजून सोडून दिलं होतं. शर्ट घालायचा त्याने बंद केला होता. टी-शर्ट बरे पडतात म्हणायचा. कपबशी नको, कानाचा मोठा मग दे, म्हणायचा. मेणाचं बारीक काम त्याने दुसऱ्या कारागिराकडे द्यायला सुरुवात केली होती, ‘डोळे दुखतात’ म्हणून, आणि तिने डोळ्यांसाठी थेंब आणून दिले होते. रस्त्याने चालताना तो तिला नेहमी आपल्या उजवीकडे घ्यायचा. एकदाच कधीतरी तिने विचारलं होतं, “डावा हात खिशातच का सारखा?” तर म्हणाला होता, “थंडी.” उन्हाळा होता.

परक्या माणसांचे हात बघून तिने पोट भरलं होतं. घरातल्या माणसाचे हात तिने बघितले नव्हते.

“ताई, बसता का?” मिस्त्री म्हणाले.

“नाही. त्यांना काही सांगू नका आत्ता.”

खरं तर तिने तेव्हाच सांगायला हवं होतं. दार वाजवावं, म्हणावं, ‘अहो, बाहेर या, बोलायचंय.’ ती तसं का वागली नाही हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. कदाचित आपण चुकतोय असं तिला वाटलं असावं. कदाचित चुकावं अशी आशा. तिने पोहण्याचे कपडे, सिलिंडर आणि एक जाकीट मागून घेतलं आणि त्याच्याबरोबर टाकीत उतरली.

बाई काठावर पाय पाण्यात सोडून बसल्या. चार मीटर म्हणजे काही खोल नव्हे. तळाला पांढऱ्या फरश्या, एका कोपऱ्यात कुणाचीतरी हरवलेली केसांची पिन. दातकर नव्या जाकिटात तळाशी गुडघे टेकून बसला आणि मूठ दांडीवर आपटत थोडा वर, थोडा खाली होऊन दाखवू लागला. काचेच्या मुखवट्याआड त्याचे डोळे हसत होते. त्याने तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ करून दाखवलं: सगळं ठीक.

तिने उत्तर दिलं नाही. आपला पंजा गळ्यावरून आडवा ओढला. माझी हवा संपली.

हा सराव प्रत्येक जोडी करते. जोडीदाराने आपल्या सिलिंडरच्या जादा नळीचं श्वास घ्यायचं तोंड तिला द्यायचं, उजव्या हाताने तिचा पट्टा घट्ट धरायचा, आणि डाव्या हाताने हवा सोडत सोडत दोघांनी मिळून वर यायचं. पण सराव करायचा तर आधी ठरवून करतात. तिने ठरवलं नव्हतं. त्याला वाटलं खरंच संपली.

त्याने क्षणाचाही वेळ लावला नाही. जादा तोंड काढून तिच्या ओठांवर दाबलं, तिचा पट्टा उजव्या मुठीत आवळला, आणि दोघं निघाले. तिची नजर त्याच्या डाव्या हातावर होती. हात कमरेकडे गेला, पण मूठ उघडेना. ती दांडीच्या खाली अडकली आणि त्याने जोर लावला तो वरच्या दिशेने. जाकीट फस्सकन भरलं. दोघं बुचासारखी वर उसळली. ‘आऽऽ’ करत श्वास बाहेर सोडत राहायचं एवढं तिला आठवलं, आणि त्याला आठवलं की नाही या भीतीने ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बुडबुडे येत होते. आठवलं होतं.

डोकी पाण्याबाहेर आली. काठावरच्या बाई उभ्या राहिल्या होत्या.

“बरी आहेस?” त्याने विचारलं. मुखवटा वर ढकलून तो तिचा चेहरा चाचपत होता. “हवा कशी संपली? काटा बघितला नव्हतास? अगं, बोल ना!”

“संपली नव्हती,” ती म्हणाली.

त्याचा हात थांबला. त्याने तिच्या छातीवरचा हवेचा काटा उलटा करून बघितला. सिलिंडर तीन चतुर्थांश भरलेलं.

“परीक्षा आहे,” तो अगदी हळू म्हणाला, “हे सांगायचं होतंस, मास्तरीण.”

बाहेर आल्यावर बाईंनी त्याच्या अंगावरचं जाकीट स्वतः उतरवलं आणि बाकीच्या जाकिटांच्या रांगेत टांगून टाकलं.

“हे मी तुम्हाला देणार नाही,” त्या म्हणाल्या. या खेपेला त्यांनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, पण त्यांना ते जमलं नाही आणि दुकानात मोजे बघत उभ्या असलेल्या दोन माणसांनी वळून पाहिलं. “हेच नाही, दुसरं कुठलंही नाही. आधी डॉक्टरला हात दाखवा.”

“दुकान आहे की दवाखाना?” दातकर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “गावात दुसरी दुकानं आहेत.”

“आहेत. ते देतीलही.”

तो ओल्या केसांनीच बाहेर पडला.

गाडी तिने चालवली. तिसऱ्या सिग्नलला तो म्हणाला, “चार लोकांसमोर माझी शोभा केलीस.”

“जाकिटात काही बिघाड नव्हता. मिस्त्री म्हणाले.”

“माहीत आहे मला.”

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरिणीची गाडी चौकात बंद पडली. तिने ती चालू केली, बाजूला घेतली, एका बंद शटरसमोर उभी केली.

“कधीपासून?”

“दहा महिने. अकरा.” तो समोरच्या शटरकडे बघत होता. “हात दुखत नाही. मी सांगतो ते तो उशिरा ऐकतो. आधी मेण धरताना कळलं. मला वाटलं, झोपेत आखडला असेल. मग वाटलं, मान. मग मी काही वाटू द्यायचंच बंद केलं.”

“डॉक्टरकडे का नाही गेलात?”

“हात दाखवून अवलक्षण कशाला?” तो हसायला गेला, पण हसू निघालं नाही. “नाव कळलं असतं त्या गोष्टीचं. नाव कळलं की घरात राहायलाच येते ती.”

“आणि मी? मी तुमच्या जिवावर खाली येत होते! चौदा मीटरवर माझी हवा खरंच संपली असती तर?”

“तुझी कधी संपते हवा? तू दर मिनिटाला काटा बघतेस.”

“संपली असती तर?” ती ओरडली. शिकणाऱ्यांपैकी कुणी ट्रकसमोर गाडी घातली तरी ती कधी ओरडत नसे.

त्याने उजव्या हाताने डावा हात मांडीवर उचलून ठेवला. मग म्हणाला, “त्या दिवशी वर जाताना मी खाली बघत होतो. तू लहान लहान होत गेलीस. मला वाटलं, हिला काही झालं तर ह्या हाताने मी काय करणार? तरीही बोटीवर मी बटणाचंच नाव घेतलं. आधी तोंडातून तेच बाहेर आलं. आणि एकदा बोललो ते बोललो.”

तिला त्याची कीव आली आणि रागही तितकाच आला. दोन्ही एकाच वेळी कसं बाळगायचं ते तिला कळेना. शिवाय आपण टाकीत काय केलं तेही होतंच. वर उसळताना त्याने श्वास धरून ठेवला असता तर चार मीटरही फुप्फुस फाडायला पुरतात, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून तिने पंजा गळ्यावरून ओढला होता.

“मीही चुकले,” ती म्हणाली. “टाकीत.”

“हो,” तो म्हणाला. “चुकलीसच.” आणि त्याने ते माफ केलं की नाही हे सांगितलं नाही.

डॉक्टर तरुण होती आणि घाईत नव्हती. तिने त्याला अंगठा आणि तर्जनी भराभर आपटायला सांगितलं. उजव्या हाताने टकटक केली; डाव्याने चार वेळा केली आणि पाचव्याला विसरल्यासारखा थांबला. तिने त्याला बाहेरच्या लांब पॅसेजमधून चालवलं. मास्तरीण दारात उभी राहून मागून बघत होती. उजवा हात झुलत होता, डावा अंगाला चिकटलेला. इतकं स्वच्छ दिसत होतं की रस्त्यावरच्या कुणालाही दिसलं असतं.

पुढच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरने नाव सांगितलं. कंपवात.

“पण माझा हात कापत नाही,” दातकर म्हणाला. पुरावा दिल्यासारखा त्याने हात टेबलावर ठेवला.

“काही जणांचा सुरुवातीला कापत नाही. नुसता मंद होतो. औषधांनी बराच फरक पडेल, कामही करता येईल, कदाचित कैक वर्षं.” तिने पेन खाली ठेवलं. “डायव्हिंग मात्र नाही.”

“पाच-सहा मीटरसुद्धा?”

“नाही.”

घरी येऊन त्याने लेकीला स्वतः फोन केला. मास्तरिणीने स्वयंपाकघरातून ऐकलं. तो नेहमीच्या आवाजात, दोन विनोद करून बोलत होता. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. ती आत गेली नाही. जावं की न जावं हे तिला ठरवता येईना, आणि तोवर त्याने रेडिओ लावला.

औषधांनी फरक पडला. सहा आठवड्यांनी त्याने मेणाची दोन कामं परत स्वतः केली. पण दोघांचं बोलणं काही पूर्वीसारखं होईना. तो बकल, बटण, झाकण असं काहीही हातात घेई आणि तिची नजर आपसूक तिकडे जाई. ती बघतेय हे त्याला कळे, आणि हात आणखीच मंद होई. “तुझ्या गाडीत बसलोय का मी?” एकदा तो तडकून म्हणाला. “तुझा पाय त्या ब्रेकवरून काढ जरा.”

एका रविवारी त्याने कपाटातून तिचं जाकीट काढून जमिनीवर पसरलं. शिवण उसवलेली होती, नळीच्या मुळाशी रबराला भेगा गेल्या होत्या.

“हे घालून तू पाण्यात जायचीस?” तो म्हणाला. “माझ्या हाताची काळजी करत बसलीस, आणि स्वतःचं हे.”

“मी कुठे जाणार आहे आता?”

“का? डॉक्टरने तुला काय सांगितलं?”

“मला नकोय तुमच्याशिवाय.”

“मला हवंय,” तो म्हणाला. “तू घरात बसलीस तर ते माझ्या नावावर लागेल. तेवढं ओझं मला झेपायचं नाही.”

त्यावरून दोन दिवस धुसफूस झाली. शनिवारी ती त्याच्याबरोबर दुकानात गेली ती वाद मिटावा म्हणून.

बाईंनी त्यांना बघितलं आणि त्या दिवसाबद्दल एक अक्षरही काढलं नाही. दातकरने मात्र दुकान डोक्यावर घेतलं. प्रत्येक जाकीट उलटं करून शिवण बघितली, प्रत्येक बटण दाबलं, नळी कानाशी धरून ऐकली. कवळी करणारा माणूस जबडा बघतो तसा तो तिचे खांदे बघत होता. पोटाभोवती फुगणारं त्याला पसंत पडलं, तिला पाठीचं हवं होतं.

“तोंडावर पडशील.”

“जास्त भरलं तर. मी नाही जास्त भरत.”

“बरगड्या आवळतात म्हणून नको म्हणतेस ना? आवळूदे की थोड्या. वर आल्यावर कुणी धरायला नसेल.”

बाईंनी लटकती जाकिटं सारखी करायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. मास्तरिणीने पोटाचं घातलं.

कमरेचा पट्टा लावायला तो पुढे आला. उजव्या हाताने बकलचं एक टोक धरलं आणि डाव्याने दुसरं आणायला गेला. टोक निसटलं. पुन्हा आणलं, पुन्हा निसटलं. बाईंनी एक पाऊल उचललं, तर मास्तरिणीने मान हलवून त्यांना थांबवलं. ती भिंतीवरच्या सामानाच्या यादीकडे बघत राहिली. त्याच्या हाताकडे न बघणं तिला इतकं अवघड गेलं की डोळ्यांत पाणी आलं. चौथ्या खेपेला बकल लागलं.

“श्वास घे मोठा,” तो म्हणाला. “आवळतंय?”

“थोडं.”

“मग बरोबर आहे.”

ते जाकीट त्यांनी घेतलं. त्या वर्षी ती दोनदा पाण्यात उतरली. जोडीदार म्हणून दुकानवाल्या बाईच आल्या. पहिल्या वेळी दातकर बोटीवर होता. त्याने तिचा प्रत्येक पट्टा तपासला, तिचं सिलिंडर उघडून दिलं, आणि ती वर येईपर्यंत घड्याळ हातात धरून कठड्याशी उभा राहिला. बोटवाला सांगत होता की त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. खाली बाई अगदी चोख होत्या. दर थोड्या वेळाने वळून बघायच्या, खूण करायच्या. फटीत एक मोठा खेकडा होता. मास्तरिणीने तो दाखवला, बाईंनी मान डोलावली आणि पुढे निघाल्या.

दुसऱ्या वेळी निघायच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, “उद्या प्रयोगशाळेत काम आहे. तू जाऊन ये.”

काम नव्हतं. प्रयोगशाळेची सगळी कामं शुक्रवारी गेली होती, तिनेच पोचवली होती. सकाळी त्याने दारापर्यंत येऊन तिची पिशवी गाडीत ठेवली, उजव्या हाताने दार लावलं आणि काच खाली करायची खूण केली.

“काटा बघत जा,” तो म्हणाला.

“बघते.”

चौकाशी वळताना तिने आरशात पाहिलं. तो अजून फाटकाशीच उभा होता.